मेट्रोपासून ५०० मीटर: तिथे राहणार कोण?

हे आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. ज्यांनी बसमध्ये दीडपट स्पीडवर ऐकून "ते एफएसआयचं गणित परत सांग ना" असे मेसेज टाकलेत, त्यांच्यासाठी खास. बोलताना जे "म्हणजे, ॲक्च्युअली, बघा" वगैरे येतं ते गाळलंय आणि आकडेमोड जरा सविस्तर लिहिली आहे. रेकॉर्डिंगमध्ये मागे जी धडधड ऐकू येते ती समोरच्या प्लॉटवरच्या ब्रेकरची आहे. चार मजली बिल्डिंग पाडतायत. विषयाला साजेसं पार्श्वसंगीत फुकटात मिळालं, म्हणून ठेवून दिलं.

तर प्रश्न असा आला होता: "मेट्रोच्या आजूबाजूला ४ एफएसआय देतात म्हणे. पुण्यात आधीच श्वास घ्यायला जागा नाही, अजून माणसं कशाला कोंबायची?"

प्रश्न एकदम रास्त आहे. माझं उत्तर थोडक्यात असं, की माणसं येणारच आहेत. मी आले, तुमच्यातले अर्धे आलात. ती माणसं कर्वे रोडच्या मागे राहणार, की वाघोलीच्या पलीकडे जाऊन रोज दोन तास गाडी चालवणार, एवढंच आपण ठरवू शकतो. पण "मेट्रोजवळ एफएसआय वाढवला की मेट्रोजवळ माणसं वाढतात" हे मात्र मला पटत नाही. ते का, हाच आजचा खरा विषय.

आधी एफएसआय

सरकारी मराठीत याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. १००० चौरस मीटरचा, म्हणजे साधारण १० गुंठ्यांचा प्लॉट घ्या. एफएसआय १ असेल तर १००० चौरस मीटर बांधकाम. ते तुम्ही २५० चौरस मीटरचे चार मजले करून बांधा, नाहीतर १२५ चौरस मीटरचे आठ मजले करून. एफएसआय तोच, १. म्हणजे एफएसआय उंची सांगत नाही, आणि माणसं तर मुळीच सांगत नाही. तो फक्त बांधकामाचं आकारमान सांगतो. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पेपरातल्या निम्म्या बातम्या इथेच गंडतात.

आता समोरच्याच प्लॉटसारखं उदाहरण घेऊ. आकडे माझे, समजण्यापुरते, जिने-लिफ्ट-पॅसेज बाजूला ठेवून. जुनी बिल्डिंग: १००० चौरस मीटर प्लॉट, एफएसआय १, फ्लॅट ६० चौरस मीटरचे. म्हणजे १६ फ्लॅट. घरटी ४ माणसं धरली तर ६४ माणसं.

मेट्रो आली, एफएसआय ४ मिळाला. ४००० चौरस मीटर बांधकाम. बिल्डरने ५० चौरस मीटरचे फ्लॅट काढले तर ८० फ्लॅट, ३२० माणसं. पाचपट. मेट्रोला प्रवासी मिळाले, खालच्या वडापाववाल्याला गिऱ्हाईक मिळालं.

पण त्याच ४००० चौरस मीटरमध्ये १६० चौरस मीटरचे प्रशस्त ४ बीएचके काढले तर? २५ फ्लॅट, १०० माणसं. बिल्डिंग चौपट झाली आणि माणसं दीडपट! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बापरे, किती गर्दी वाढली. माणसांची गर्दी फारशी वाढलेलीच नाही. वाढल्यात त्या गाड्या. जुन्या १६ घरांत मिळून आठ-दहा गाड्या असतील. नव्या २५ घरांत प्रत्येकी दोन धरा, ५० झाल्या. आणि ज्या घरात दोन गाड्या आहेत त्या घरातली माणसं मेट्रोच्या रांगेत उभी राहायची शक्यता किती, तुम्हीच सांगा.

म्हणून मला "एफएसआय किती?" यापेक्षा "फ्लॅट केवढे आणि किती?" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. शहर नियोजनात दाटी मोजतात ती हेक्टरी माणसांत किंवा हेक्टरी घरांत. मजल्यांत नाही. जुन्या पेठेतल्या तीन-चार मजली गल्लीत एका हेक्टरमध्ये जेवढी माणसं राहतात, तेवढी बागा, पोडियम आणि स्विमिंग पूलवाल्या कित्येक टॉवर प्रकल्पांत राहत नाहीत.

पार्किंगचं पोडियम

हे एपिसोडमध्ये घाईत बोलून गेले, इथे नीट लिहिते. एका कारच्या पार्किंगचा खण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी हवेतून तिथे उतरत नाही. वळायला जागा, रॅम्प, खांब हे सगळं धरलं की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. एका वन बीएचकेच्या निम्म्याहून जास्त! वरच्या उदाहरणातल्या ५० गाड्यांना १२५० ते १५०० चौरस मीटर लागणार, आणि प्लॉट आहे १००० चा. मग काय करणार? दोन-तीन मजले नुसत्या गाड्यांचे. तळघर खणणं महाग, म्हणून ते जमिनीच्या वर येतात. यालाच पोडियम म्हणतात.

रात्री नऊ वाजता अशा तीन पोडियमवाल्या बिल्डिंगच्या बाजूने चालत गेलायत का? एका बाजूला दहा-बारा मीटर उंच कोरी भिंत, जाळीमागे गाड्या. ना दुकान, ना खिडकी, ना कोणी बघणारं. आता तीच वेळ, पण रस्त्याला लागून एक मेडिकल, एक इस्त्रीवाला, एक मेस, वर पहिल्या मजल्यावर क्लास आणि त्यावर गॅलरीत कोणीतरी फोनवर बोलतंय. मुलींना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं, की रस्त्यावर लक्ष ठेवणारे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो, आणि ते डोळे पगारी नसतात, दुकानदाराचे आणि शेजाऱ्यांचे असतात. त्या शहर नियोजनाचं औपचारिक शिक्षण घेतलेल्या नव्हत्या, पत्रकार होत्या. बी.टेक. कॉम्प्युटर करून शहरावर बोलणाऱ्या माझ्यासारखीला तेवढाच आधार.

घर इथे, ऑफिस तिथे

आता दुसरा भाग: मिश्र वापर. म्हणजे एकाच भागात, कधी एकाच इमारतीत, घरं, दुकानं, ऑफिसं, दवाखाने, शाळा.

आपल्याला यात नवीन काही नाही. पेठ या शब्दाचा अर्थच बाजार. व्यापारी आणि कारागीर वसवून पुण्याच्या पेठा वाढल्या. कसब्यातल्या तांबट आळीत भांडी ठोकणारी माणसं तिथेच राहत, तिथेच काम करत. वाड्याच्या दर्शनी भागात दुकान, आत बिऱ्हाडं. कोणी याला मिक्स्ड-यूज म्हटलं नाही, कारण दुसरा काही प्रकार असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

पण पेठांचं फार कौतुकही मला करायचं नाही. अंधाऱ्या खोल्या, सामायिक संडास, बंब आत शिरणार नाही अशा गल्ल्या. प्लेग आला तो अशाच वस्त्यांवर. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. मोकळी हवा, उजेड, रुंद रस्ते हे त्यांचं काम. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी या त्याच ट्रस्टच्या योजनेतून उभ्या राहिल्या: तळमजला अधिक दोन-तीन मजले, झाडं, फूटपाथ, चालत स्टेशन, चालत बाजार. दाटीवाटीची पेठ आणि पोडियमवाला टॉवर या दोन टोकांच्या मध्येही काहीतरी असतं, याचा हा शंभर वर्षं जुना पुरावा. आता तिथेही टॉवर उभे राहतायत, तो वेगळा विषय.

वापर वेगळे करायचा विचार जगभर साधारण त्याच काळात रुजला, आणि त्याला तेव्हा कारण होतं. कातडी कमावण्याचा कारखाना किंवा गिरणीचं धुराडं घराशेजारी नको, हे कोणालाही पटेल. गंमत अशी की नियम राहिला आणि धुराडं गेलं. माझ्या ऑफिसातून धूर निघत नाही. प्रॉडक्शन डाउन झालं तर मॅनेजरच्या कानातून निघत असेल, तेवढाच.

तरी आपण हिंजवडी बांधली. एमआयडीसीने औद्योगिक क्षेत्र म्हणून राजीव गांधी आयटी पार्क वसवलं, तीन फेज, प्रामुख्याने ऑफिसं. घरं बाहेर, वाकड, माण, मारुंजी, बाणेर, जिथे जशी जमीन मिळाली तशी. परिणाम रोज बघतो. सकाळी सगळे आत, संध्याकाळी सगळे बाहेर. आपल्या भाषेत सांगायचं तर फुल-डुप्लेक्स लिंक टाकली आहे, आणि सकाळी अपलिंक पूर्ण चोक, डाउनलिंक रिकामी. संध्याकाळी उलट. अशा वेळी बँडविड्थ दुप्पट करणं, म्हणजे फ्लायओव्हर बांधणं, हा सगळ्यात महागडा उपाय. ट्रॅफिक मुळात एकाच दिशेला का जातंय, हे आधी बघायला हवं.

मेट्रोलाही हे लागू आहे. सकाळी एका दिशेने खच्चून भरलेली आणि परतीला रिकामी धावणारी गाडी खर्च दोन्ही फेऱ्यांचा करते, तिकिटं मात्र जवळजवळ एकाच फेरीची विकते. दोन्ही टोकांना घरंही असतील आणि ऑफिसंही, तरच ती दोन्ही बाजूंनी भरून धावेल. शिवाजीनगर-हिंजवडी या २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाबद्दल बोलताना सगळे "कधी सुरू होणार" एवढंच विचारतात. मला त्याहून जास्त काळजी आहे ती स्टेशनांच्या खाली काय उभं राहील याची.

किराणा, भाजी, दवाखाना, पाळणाघर या गोष्टी तर मी सरळ कॅशसारख्या समजते. वारंवार लागणारी गोष्ट जवळ ठेवायची, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट मुख्य सर्व्हरपर्यंत जात नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढावी लागते तिथे रस्ता रुंद करून काही उपयोग नाही.

हडपसरच्या मगरपट्टा सिटीचं नाव या विषयात हमखास निघतं, आणि योग्यच आहे. तिथल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन एकेकट्याने विकून टाकण्याऐवजी एकत्र आणली, सुमारे ४०० एकर, आणि स्वतःच कंपनी करून घरं, आयटी ऑफिसं, शाळा, हॉस्पिटल असं सगळं एका आराखड्यात बसवलं. तिथे राहून तिथेच चालत ऑफिसला जाणारे लोक आहेत. भारी काम. पण हे जमलं कारण जमीन सलग होती आणि मालकांनी एकजूट ठेवली. कोथरूड, सहकारनगर, निगडी हे १०-१० गुंठ्यांच्या तुकड्यांचं शहर आहे. तिथे शहर बदलतं ते एकेका प्लॉटने, एकेका सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगने. म्हणून तिथे एखादा मोठा नकाशा उपयोगाचा नाही, नियम उपयोगाचे. जपानमध्ये काय करतात ते मला म्हणूनच आवडतं. तिथे वापराचे झोन सगळ्या देशाला एकसारखे, एकूण १३. त्यातल्या सगळ्यात कडक, फक्त बैठ्या घरांसाठी असलेल्या झोनमध्येसुद्धा घरालाच जोडून ५० चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकान चालतं. खास परवानगी नाही, नगरसेवकाला फोन नाही. टोकियोच्या गल्लीबोळात जे न्हाव्याचं दुकान, जी चार खुर्च्यांची खानावळ दिसते, ती या नियमातून येते.

५०० मीटरचं वर्तुळ

आता आपल्या नियमांकडे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात मुंबई वगळून बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिचं नाव युडीसीपीआर. एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली असं मराठीत म्हणायला गेलात तर स्टेशन निघून जाईल. पुण्यात गावठाणाबाहेरच्या भागात मूळ एफएसआय १.१. त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय, त्यावर टीडीआर, आणि या सगळ्यावर बाल्कनी-जिने वगैरेंसाठी निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत टीओडी झोन, म्हणजे वाहतूककेंद्रित विकासाचा पट्टा, आणि तिथे प्लॉटचा आकार व समोरच्या रस्त्याची रुंदी बघून जास्तीत जास्त ४ पर्यंत.

५०० मीटरच का? सहा-सात मिनिटांचं चालणं. तेवढं माणूस कंटाळा न करता चालतो, असा ठोकताळा.

आता हे वर्तुळ केवढं? पाय आर वर्ग: सुमारे ७८ हेक्टर. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात दोन मार्ग, मिळून सुमारे ३३ किलोमीटर आणि ३० स्टेशनं. पहिला तुकडा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, भुयारातून स्वारगेटपर्यंत गाडी पोचली २९ सप्टेंबर २०२४ ला. ३० वर्तुळं म्हणजे साडेतेवीस चौरस किलोमीटर. पुणे महापालिका सुमारे ५०० चौरस किलोमीटर आणि पिंपरी-चिंचवड १८१. म्हणजे दोन्ही शहरांच्या जेमतेम साडेतीन टक्के जमीन मेट्रोच्या पायी अंतरावर आहे. हजारो कोटी खर्चून आपण ही साडेतीन टक्के जमीन मौल्यवान केली.

आणि ती सगळी वापरता येतही नाही. डेक्कन, संभाजी उद्यान ही स्टेशनं नदीकाठी आहेत, वर्तुळात मुठेचं पात्र येतं. खडकी-दापोडीकडे लष्कराची जमीन येते. शिवाय वर्तुळ हे कागदावरचं सरळ अंतर. पाय सरळ रेषेत चालत नाहीत, ते रस्त्याने चालतात. मध्ये एखाद्या मोठ्या संस्थेची कंपाउंड वॉल असली, मेन रोड ओलांडायला सिग्नल लांब असला, तर नकाशावरचे ४०० मीटर सहज ९०० होतात. कोडमध्ये हॅवरसाइनने अंतर काढून "जवळ आहे" म्हणणं आणि रस्त्यांच्या ग्राफवर सगळ्यात छोटा मार्ग शोधणं, यातला फरक आपल्या लोकांना वेगळा सांगायला नको. कधीकधी एफएसआय वाढवण्यापेक्षा एका भिंतीत गेट पाडल्याने जास्त घरं मेट्रोच्या जवळ येतात. स्वस्तात.

रस्त्याच्या रुंदीची अट का, तर अग्निशमनचा बंब आत यायला हवा, उंच शिडी उभी राहायला हवी. हे बरोबरच. पण त्याची दुसरी बाजू आहे. अट रुंदीची म्हटल्यावर सगळे रस्ता रुंद करायच्या मागे लागतात. २०२० साली पुण्यात ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता, कारण ९ मीटरखाली टीडीआर वापरता येत नाही. त्यावर बराच वाद झाला. रुंदीकरणात काय जातं? सोसायटीचं पुढचं अंगण, कुंपणाकडेची झाडं. आणि मिळतं काय, तर दोन्ही बाजूंना पार्क केलेल्या गाड्यांची अजून एक रांग. मेट्रोजवळच्या गल्लीत बंबाला वाट हवीच, पण ती वाट आज अडवतं कोण? उभी केलेली वाहनं. रुंदीची अट ठेवा, पण पार्किंगबंदीची अट तिच्या जोडीला घाला, असं माझं मत आहे. पटलं नाही तर भांडायला इनबॉक्स उघडा आहे.

पाणी

सगळ्यात जास्त मेसेज यावर आलेत आणि हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. पुणं खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांवर जगतं. मिळून साधारण २९ टीएमसी साठवण, त्यात शेतीचाही वाटा. मग माणसं वाढवायची कशाच्या जोरावर?

बघा, माणूस कोथरूडला राहिला काय आणि मांजरीला राहिला काय, तो तेवढंच पाणी पितो, तेवढ्याच बादल्या वापरतो. फरक पाइपाच्या लांबीत आहे. आधीच टाकलेल्या लाइनवर १०० घरं वाढवणं आणि नवीन गावात १०० घरांसाठी टाकी, पंप आणि पाच किलोमीटर लाइन टाकणं यातलं स्वस्त काय, हे उघड आहे. आणि लाइन येईपर्यंत काय, तर टँकर. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथल्या नव्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना टँकरचं महिन्याचं बिल विचारा. ते लोक तिथे हौसेने गेले नाहीत, आतल्या भागात त्यांना परवडेल असं घर नव्हतं म्हणून गेले.

पण आक्षेपाचा अर्धा भाग तरीही उरतोच. जुन्या भागातली ड्रेनेज लाइन १६ फ्लॅटच्या हिशोबाने टाकलेली, त्यावर ८० फ्लॅट लादले तर पहिल्याच पावसात चेंबर उलटं वाहणार. जादा एफएसआयसाठी बिल्डर जो प्रीमियम भरतो, तो त्याच वॉर्डातल्या त्याच पाइपावर खर्च झाला पाहिजे आणि पाइप बिल्डिंगच्या आधी बदलला पाहिजे. आज रहिवाशाला हे बघायची सोपी सोय नाही, की माझ्या गल्लीतून किती प्रीमियम गोळा झाला आणि माझ्या गल्लीत किती लागला. एवढा एक डॅशबोर्ड कोणी करा रे. खरं तर आपणच करायला पाहिजे, माहिती अधिकारात आकडे मागवून.

आणि भाडेकरू

आता आपला, म्हणजे हा पॉडकास्ट ऐकणाऱ्या बहुतेकांचा मुद्दा.

गेल्या वर्षी मी मेट्रो स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर एक फ्लॅट बघितला. आम्ही तिघी मिळून घेणार होतो, परवडत होता, मालक तयार होते. सोसायटीच्या कमिटीने सांगितलं, फॅमिलीलाच देतो. मग दुसरीकडे चौपट लांब घर घेतलं आणि तिघींच्या तीन स्कूटर रोज रस्त्यावर आल्या. टीओडीच्या कुठल्याही नकाशात ही अडचण दिसणार नाही. ५०० मीटरच्या आत जे आहेत त्यांच्याकडे गाड्या, आणि ज्यांना मेट्रो हवी ते ५०० मीटरच्या बाहेर!

रिडेव्हलपमेंटचा निर्णयही मालक-सभासदांचाच असतो. सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती लागते. फ्लॅट केवढे काढायचे हे त्याच खोलीत ठरतं. सभासदाला वाटतं, माझं घर थोडं मोठं व्हावं आणि कॉर्पस चांगला मिळावा. चूक काहीच नाही, माझ्या आईबाबांनाही तेच वाटेल. बिल्डरला वाटतं, मोठे फ्लॅट काढावेत, कमी गिऱ्हाइकांत माल विकला जावा. ज्या ८० छोट्या घरांत पुढे कोणी राहिलं असतं, ते त्या मीटिंगमध्ये नसतातच, कारण ते अजून तिथे आलेलेच नाहीत. त्यांची बाजू नियमानेच घ्यावी लागते. ४ एफएसआय हवा? घ्या, पण निम्मी तरी घरं अमुक एका आकाराच्या आत काढा. बंगला नको म्हणत नाही, मेट्रोच्या दारात सवलतीने नको एवढंच.

असा नियम अगदीच नवा नसेल. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या गृहप्रकल्पात मूळ एफएसआयच्या २० टक्के एवढी छोटी घरं, ३० ते ५० चौरस मीटरची, अल्प उत्पन्न आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांसाठी बांधावी लागतात. तीच म्हाडाच्या लॉटरीतली "२० टक्के योजना". पात्र असाल तर अर्ज भरा, लाजू नका. मात्र अट ४००० पासून सुरू होते, आणि जुन्या भागातले आपले १० गुंठ्यांचे प्लॉट त्यात येतच नाहीत. आणि हिशोब मूळ एफएसआयवर, वरच्या थरांवर नाही. म्हणजे मेट्रोमुळे जे जास्तीचं मिळालं, त्यात परवडणाऱ्या घरांचा वाटा या नियमाने वाढत नाही.

बोलायचं कुठे

विकास आराखडा १९६६ च्या एमआरटीपी कायद्याखाली होतो. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात, मुदत जाहिरातीत असते. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा हजारो हरकती गेल्या. त्यातल्या खूपशा "माझ्या जमिनीवरचं आरक्षण उठवा" अशा असतात. स्वाभाविक आहे, ज्याची जमीन तो धावतो. भाडेकरूची हरकत क्वचित जाते, पण ती घेत नाहीत असं नाही. हरकत घ्यायला सातबारा लागत नाही.

लिहिताना "गर्दी कमी करा" असं मोघम लिहू नका. जागा नेमकी सांगा, काय हवं ते एका ओळीत, मग कारण. उदाहरणार्थ: अमुक स्टेशनच्या अमुक बाजूच्या भिंतीतून पादचारी मार्ग दाखवावा, त्याने अमुक वस्तीचं चालण्याचं अंतर इतक्या मीटरने कमी होईल. किंवा: टीओडी झोनमध्ये रस्त्याकडेच्या तळमजल्यावर पार्किंगला परवानगी देऊ नये, दुकानं आणि दवाखाने यावेत. पोच घ्या. सुनावणीला बोलावलं तर जा, हाफ डे टाका.

पुढचा एपिसोड टीडीआरवर, तुम्हीच मागितलाय. तोपर्यंत एक काम: तुमच्या घरापासून किंवा ऑफिसपासून जवळच्या स्टेशनचं मॅपवरचं सरळ अंतर आणि प्रत्यक्ष चालण्याचं अंतर, दोन्ही मोजून व्हॉइस नोट पाठवा. मध्ये भिंत असेल तर कोणाची ते सांगा. समोरचा ब्रेकर आत्ता थांबलाय, म्हणजे कामगारांची जेवणाची सुट्टी झाली. मीही जेवते.